मेसोपोटेमियाचा हिशेब

पहिल्या महायुद्धाचे नाव निघाले की सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फ्रान्समधील चिखलाने भरलेले खंदक उभे राहतात; फार तर गॅलिपोलीचा किनारा. वस्तुतः हिंदी सैन्याची सर्वांत मोठी रणभूमी या दोहोंपैकी एकही नव्हती. ती होती तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात, ज्या प्रदेशाला त्या वेळी मेसोपोटेमिया म्हणत आणि आज इराक म्हणतात तेथे. युद्धकाळात हिंदुस्थानातून या एका आघाडीवर गेलेल्या हिंदी माणसांची संख्या सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ५ लाख ८८ हजार भरते. त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे बंदूक न धरणारी होती: बिगारी, भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी, सफाई कामगार. या मोहिमेच्या पहिल्या दीड वर्षात जे घडले त्याला ब्रिटिश इतिहासकार साधारणपणे ‘अव्यवस्था’ असे नाव देतात. हा शब्द मोठा सोयीचा आहे. अव्यवस्था म्हटले की कारकुनाची चूक डोळ्यांपुढे येते, धोरण दृष्टीआड जाते. मेसोपोटेमियात जे झाले ते धोरणच होते. त्या धोरणाचा सारांश असा की महत्त्वाकांक्षेत काटकसर करायची नाही, आणि जी काही काटकसर करायची ती शिपायाच्या बोटीत, औषधात आणि भाजीपाल्यात करायची.

आरंभ तेलापासून झाला. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर नेण्याचे चर्चिलसाहेबांनी ठरविले होते आणि १९१४ सालीच ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले होते. कंपनीचा तेलशुद्धीचा कारखाना इराणी आखाताच्या तोंडाशी, आबादान बेटावर होता. तुर्कस्तानशी युद्ध जाहीर झाले ५ नोव्हेंबर १९१४ रोजी. परंतु पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड त्याआधीच, ऑक्टोबरात, मुंबईहून निघून बहरीनच्या पाण्यात नांगर टाकून बसली होती. ६ नोव्हेंबरला फाओचा किल्ला पडला, महिना संपण्यापूर्वी बसरा हाती आले आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन नद्यांच्या संगमावरचे कुर्ना. तेलाच्या रक्षणासाठी एवढे पुरेसे होते.

या फौजेचे अधिकृत नाव सहावी (पुणे) डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. कोकणातली आणि देशावरची, दोन-चार एकर कोरडवाहू जमिनीवर न भागणारी, म्हणून पलटणीत गेलेली शेतकऱ्यांची मुले. हिंदी शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेला सुभेदारही कालपरवा विलायतेहून आलेल्या लेफ्टनंटाच्या हाताखालचाच. कारण बादशाही सनदेचे अधिकारपद हिंदी माणसाला १९१७ पर्यंत मिळतच नव्हते. युद्ध कोठवर न्यायचे, कशासाठी न्यायचे, याविषयी या माणसांना कोणी विचारले नाही हे उघडच आहे. पण ज्यांच्या करातून खर्च भागणार होता त्या देशालाही कोणी विचारले नाही. लष्करी खर्चावर मत देण्याचा अधिकार केंद्रीय कायदेमंडळाला नव्हता. १८५८ च्या कायद्याने हिंदुस्थानचा महसूल सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमांवर खर्च करण्यास पार्लमेंटची संमती लागे. ती संमती लंडनने लंडनला दिली आणि काम भागले.

१९१५ च्या एप्रिलमध्ये बसऱ्याजवळ शैबा येथे तुर्कांचा प्रतिहल्ला मोडून काढण्यात आला. त्या लढाईत मराठा पलटणींनी केलेली कामगिरी खरोखरच मोठी होती आणि तिच्याविषयी अभिमान बाळगण्यात काहीही गैर नाही. याच महिन्यात जनरल सर जॉन निक्सन हे सरसेनापती म्हणून बसऱ्यास आले आणि मोहिमेचा हेतू बदलू लागला. मे अखेरीस जनरल टाउनशेंड यांनी कुर्न्याच्या वरचा पुराने भरलेला प्रदेश लहान होड्यांतून ओलांडला. शिपाई वल्ही मारीत, आणि होड्यांच्या पुढच्या बाजूला चिलखती पत्रे बांधलेले. या विचित्र आरमाराला इंग्रज अधिकाऱ्यांनी थट्टेने नौकाशर्यतीचे नाव दिले. ३ जूनला अमारा पडले. जुलैच्या होरपळीत नासिरिया. सप्टेंबरच्या अखेरीस कूत अल अमारा. प्रत्येक विजयानंतर पुढच्या गावाचे नाव निघत होते, आणि प्रत्येक गाव समुद्रापासून अधिक दूर होते.

येथे या मोहिमेचे गणित नीट समजून घ्यावे लागते, कारण सारा अनर्थ या गणितात आहे. मेसोपोटेमियात रस्ते नव्हते, आगगाडी नव्हती. बसऱ्याहून बगदादपर्यंत नदीमार्गाने सुमारे पाचशे मैल. दाणागोटा, दारूगोळा, तंबू, औषधे, जखमी, सारे काही नदीतूनच जायचे आणि यायचे. तैग्रिसचे पात्र नागमोडी, उन्हाळ्यानंतर उथळ. तेथे चालायला कमी पाण्यावर तरंगणाऱ्या खास आगबोटी लागतात. फौज जितकी पुढे जाईल तितका बोटीचा फेरा लांबतो, म्हणजे तेवढेच सामान पोचविण्यास अधिक बोटी हव्यात. फौज दुपटीने वाढली आणि अंतरही दुप्पट झाले तर बोटी दुपटीने नव्हे, चौपटीने लागतात. मुंबईच्या गोदीतल्या कोणत्याही मुकादमाला हे तोंडी सांगता आले असते. बसऱ्याला तर धडसा धक्काही नव्हता. मुंबईहून आलेली जहाजे आठवडेच्या आठवडे भर नदीत उभी राहून पडावांत माल उतरवीत. बोटींची मागणी बसऱ्याहून होत होती. सिमल्यात ती फायलीतून फिरली, विलायतेत बांधणीसाठी गेली, आणि ज्या थोड्या जुन्या नदीबोटी हिंदुस्थानातून पाठविल्या त्यांतल्या कित्येक समुद्रातच बुडाल्या. बसरा ते नासिरिया लोहमार्गाची निक्सन यांची मागणी तर खर्चाच्या कारणावरून नाकारण्यात आली.

बगदादवर चालून जाण्याचा हुकूम मात्र नाकारला गेला नाही. गॅलिपोलीत फजिती झाली होती, पूर्वेकडे इभ्रत राखायची होती, आणि बगदादसारखे नामांकित शहर हाती लागले तर वर्तमानपत्रांचे मथळे सुधारले असते. खुद्द टाउनशेंड यांनी या धाडसाविषयी शंका व्यक्त केली होती. तथापि निक्सन यांना पुरेशी फौज आहे असे वाटत असेल तर त्यांनी पुढे जावे, अशी तार भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी ऑक्टोबर १९१५ मध्ये पाठविली आणि निक्सन यांना तसे वाटले. लोहमार्गाला पैसा नाही, बोटींना पैसा नाही, परंतु बगदादला आहे. साम्राज्याची तिजोरी कोणत्या खात्यावर उघडते आणि कोणत्या खात्यावर मिटते याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे गाठ पडली. पैगंबरांचे सहचर सलमान यांची कबर याच जागी असल्याने स्थानिक लोक या जागेला सलमान पाक म्हणतात. मुसलमान शिपाई बिथरतील म्हणून ते नाव टाळून प्राचीन ग्रीक नावच वापरण्याची दक्षता सरकारने घेतली होती. (नावांच्या बाबतीत एवढी दक्षता, आणि बोटींच्या बाबतीत?) सुमारे साडेआठ हजार लढवय्यांपैकी साडेचार हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा जखमी झाली. मागे फिरण्यावाचून इलाज उरला नाही.

जखमींचे हाल हा या मोहिमेतला सर्वांत काळा अध्याय. रणभूमीपासून नदीपर्यंत त्यांना नेण्यासाठी गाड्या होत्या त्या सामानाच्या, बिनस्प्रिंगच्या, खेचरांच्या. मोडलेल्या मांडीचा, पोटात गोळी लागलेला माणूस अशा गाडीतून खाचखळग्यांवरून मैलोगणती नेला गेला. नदीवर जी बोट मिळेल ती, आणि बोटीला बांधलेले पडाव. दाणे व जनावरे वाहून झालेल्या पडावांत सांडलेल्या घाणीवरच माणसे रचली गेली. बसऱ्याला पोचायला कित्येकांना तेरा-चौदा दिवस लागले. मेजिदिये नावाची आगबोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर एका इस्पितळ-जहाजावर हजर होते. दुरून त्यांना वाटले की बोटीच्या अंगावरून दोर लोंबत आहेत. जवळ आल्यावर कळले की ती वाळलेली विष्ठा होती. हलता न येणाऱ्या माणसांनी पटलेल्या डेकवर जे केले ते बाजूंवरून ओघळून वाळले होते. जखमांत किडे पडले होते. कार्टर यांनी हे लिहून वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांनी त्यांना अटकेची धमकी दिली. निक्सन यांच्या कचेरीतून हिंदुस्थानात गेलेल्या तारेत मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक झाल्याचे म्हटले होते.

पुणे डिव्हिजन ३ डिसेंबरला कूतला परतली आणि ७ डिसेंबरपासून वेढा पडला. तो १४७ दिवस चालला. कूत म्हणजे नदीच्या वळणातले एक मातीचे गाव, त्यात सुमारे सहा हजार अरब रहिवासी. ते बिचारे कोणाच्याच युद्धात नव्हते.

या वेढ्यात एक गोष्ट घडली तिच्याकडे युद्धेतिहासाचे लक्ष फारसे जात नाही, आणि नेमकी तीच अधिक बोलकी आहे. एकाच गावात, एकाच वेळी, एकाच शत्रूने कोंडलेल्या सैन्यात दोन वेगळे आजार पसरले. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाली. कारण त्यांचा शिधा मांस आणि पांढऱ्या पिठाच्या पावाचा होता. हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाली. कारण त्यांच्या शिध्यात पीठ, डाळ, तूप होते, पण ताजी भाजी नव्हती, फळ नव्हते, मांस नव्हते. गोऱ्यांना घोड्याचे मांस मिळू लागले आणि पांढरे पीठ संपून जवाचे पीठ आले तसा त्यांचा आजार उतरला. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी घोड्याचे मांस नाकारले. धर्म बुडेल, गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील, मुलीचे लग्न जमणार नाही, अशी भीती होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने अनुज्ञा मागविण्यात आल्या. त्या आल्या तरी एप्रिलपर्यंत पुष्कळांनी हात लावला नाही, आणि तोवर हिरड्या सुजून दात हलू लागले होते. टाउनशेंड व त्यांच्या चरित्रकारांनी यावरून हिंदी शिपायाच्या अंधश्रद्धेला बोल लावला आहे. रूढीचा दोष आहेच आणि तो झाकण्याचे कारण नाही. जातीच्या भयाने माणूस उपाशी मरणे पत्करतो ही आपल्या समाजाला खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे. पण स्कर्व्ही कूतपुरती नव्हती. वेढ्याबाहेर, बसऱ्यापासून पुढे पसरलेल्या हिंदी सैन्यातही १९१६ साली हजारो शिपाई याच आजाराने इस्पितळात पडले. तेथे घोड्याच्या मांसाचा प्रश्नच नव्हता. तेथे प्रश्न होता कागदावरच्या शिध्याचा. हा शिधा शांततेच्या काळी हिंदुस्थानातल्या छावणीत ठरलेला. छावणीजवळ बाजार असतो आणि भाजी शिपायाने स्वतःच्या पगारातून आणावी असे त्यात गृहीत होते. तैग्रिसच्या वाळवंटात मंडई कोठून आणायची?

वेढा उठविण्यासाठी जानेवारी ते एप्रिल १९१६ या चार महिन्यांत जे प्रयत्न झाले त्यांत सुमारे २३ हजार माणसे कामी आली वा जखमी झाली. वेढ्यात अडकलेल्यांची संख्या सुमारे १३ हजार होती. १३ हजारांना सोडविण्यासाठी २३ हजारांचा बळी, आणि सुटले कोणीच नाही. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात ही त्या लढायांची नावे. घाईचे एक कारण टाउनशेंड यांच्या तारा. धान्य थोडेच दिवस पुरेल असे त्यांनी आरंभी कळविले. जानेवारीच्या उत्तरार्धात गावातल्या घरांची झडती घेतल्यावर लपविलेले धान्य निघाले आणि मुदत एकदम वाढली. दरम्यान जनरल एल्मर यांची अपुरी, थकलेली, तोफांविना आलेली फौज चिखलातून पुढे ढकलली गेली होती. २१ जानेवारीला हन्ना येथे पावसात आणि कडाक्याच्या थंडीत जखमी रात्रभर उघड्यावर पडून राहिले. ८ मार्चला दुजैला येथे रात्रीच्या कूचनंतर फौज पहाटे तुर्कांच्या ठाण्यापुढे पोचली. ठाण्यात त्या वेळी फारसे कोणी नव्हते. पण तोफखान्याचा भडिमार आधी व्हायचा असे योजनेत लिहिलेले होते. भडिमाराची वाट पाहण्यात सकाळ गेली, तुर्कांनी खंदक भरून घेतले, आणि मग हल्ला झाला. लिहिलेल्या हुकमापलीकडे विचार न करण्याची ही सवय सिमल्याच्या कचेरीपासून रणांगणापर्यंत सारखीच मुरलेली होती.

अखेरीस तुर्कांना पैसे देऊन फौज सोडविण्याचा प्रयत्न झाला. वाटाघाटींसाठी गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स हा तेव्हाचा अप्रसिद्ध अधिकारी होता. दहा लाख पौंडांपासून वीस लाखांपर्यंत देकार झाला आणि खलील पाशाने तो धुडकावला. लोहमार्गाला ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांच्याजवळ हे वीस लाख पौंड निघाले. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले.

शरणागतीनंतरचा इतिहास दोन वाटांनी जातो. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, नोकरचाकर मिळाले, आणि कैदेत असतानाच ब्रिटिश बादशहाकडून ‘सर’ ही पदवी मिळाली. पुढे १९२० साली ते पार्लमेंटवर निवडूनही आले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आले. उपासमार, हगवण, चाबूक आणि मग तुर्की-जर्मन लोहमार्गावर खडी फोडण्याची मजुरी. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपाई व नोकर यांपैकीही हजारो परतले नाहीत. कूतच्या ज्या अरब रहिवाशांवर इंग्रजांना मदत केल्याचा आळ आला त्यांतल्या काहींना तुर्कांनी फासावर लटकविले. या साऱ्या यातनांचे हिंदी बाजूने झालेले एक मोलाचे लेखन बंगालीत आहे. बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी कूतमध्ये कैद झाले होते आणि त्यांचे ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक स्वातंत्र्यानंतर प्रसिद्ध झाले.

इंग्लंडात बोभाटा झाला तेव्हा पार्लमेंटने १९१६ साली लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. १९१७ च्या जूनअखेर त्याचा अहवाल बाहेर आला. निक्सन, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज, हिंदुस्थानचे सरसेनापती सर बोशँप डफ, भारतमंत्री चेंबरलेन, साऱ्यांवर आयोगाने ठपका ठेवला. कार्टर यांचे म्हणणे खरे ठरविले. अहवाल परखड होता हे मान्य केले पाहिजे. परंतु पुढे काय? चेंबरलेन यांनी राजीनामा दिला; पुढे ते परराष्ट्रमंत्री झाले. हार्डिंज यांचा राजीनामा स्वीकारलाच गेला नाही. ते परराष्ट्र खात्याच्या सचिवपदी राहिले आणि नंतर पॅरिसला राजदूत म्हणून गेले. ठपका कागदावर राहिला. जखमी मुंबईला येत होते. आज ज्या इमारतीत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे तीच त्या काळी लष्करी इस्पितळ म्हणून वापरात होती.

आयोगातल्या एका सभासदाने मात्र मुळावर बोट ठेवले. जोसिया वेजवुड हे त्या वेळी लिबरल पक्षाचे, युद्धानंतर मजूर पक्षात आलेले खासदार. त्यांनी बहुमताच्या अहवालावर सही न करता आपला वेगळा अहवाल जोडला आणि शेवटी अशी शिफारस केली की हिंदी लोकांना नागरिकत्वाचे हक्क यापुढे नाकारू नयेत, आपल्या देशाच्या कारभारात आणि नोकरशाहीवरील नियंत्रणात त्यांना मोठा वाटा द्यावा. कारण लोकमताचा अंकुश नसलेली ही नोकरशाही युद्धात उणी पडली. आगबोटींच्या चौकशीचा शेवट नागरिकत्वाच्या हक्कात व्हावा, हे वरवर पाहता विषयांतर वाटेल. वस्तुतः संपूर्ण अहवालात विषयाला धरून असलेले वाक्य तेवढेच होते. ज्यांच्या पैशाने आणि ज्यांच्या पोरांनी युद्ध लढले जाते त्यांना जाब विचारता येत नसेल तर कोणताही सेनापती कितीही अंतर पुढे जाऊ शकतो.

अहवालावरील चर्चेतच, जुलै १९१७ मध्ये, एडविन माँटेग्यू यांनी हिंदुस्थान सरकारच्या यंत्रणेवर कडाडून टीका केली. काही दिवसांतच ते भारतमंत्री झाले आणि २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीच्या क्रमशः वाढीची ती प्रसिद्ध घोषणा झाली. तिच्यामागे होमरूलच्या चळवळीचा रेटा होता हे खरेच. पण कूतने नोकरशाहीची अब्रू घालविली नसती तर तो रेटा इतक्या लवकर पोचला नसता. घोषणेचा अर्थ किती घ्यायचा ते पुढल्याच वर्षी मुंबईत कळले. १० जून १९१८ च्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक स्वराज्याचा मुद्दा बोलू लागताच गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना थांबविले आणि टिळक सभा सोडून बाहेर पडले. माणसे हवीत, मत नको, हीच ती जुनी मागणी. पैसाही हवा होता: १९१७ साली हिंदुस्थानच्या नावे ब्रिटनला दहा कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने दीडशे कोटी रुपये, युद्धासाठी ‘देणगी’ देण्यात आले.

‘अव्यवस्था’ या शब्दाचा फोलपणा कूतनंतरच्या वर्षात आपोआप सिद्ध झाला. मोहिमेची सूत्रे १९१६ च्या फेब्रुवारीत सिमल्याकडून लंडनच्या युद्धखात्याकडे गेली होती. बसऱ्याला धक्के बांधले गेले, नदीबोटींची संख्या अनेक पटींनी वाढली, लोहमार्ग टाकले गेले, इस्पितळे आली. नदी तीच, ऊन तेच. ११ मार्च १९१७ ला जनरल मॉड बगदादेत शिरले. म्हणजे जे अशक्य सांगितले जात होते ते पैसा सोडल्याबरोबर वर्षभरात शक्य झाले. हे धक्के आणि हे मार्ग बांधणारे हात हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांचे होते. मजूर पुरेनात तेव्हा तुरुंगांतून शिक्षेत सूट देण्याच्या आमिषाने हजारो कैदी नेण्यात आले. मेसोपोटेमियाच्या विजयाच्या कहाणीत या कैद्यांना कधी स्थान मिळाले नाही.

मॉड यांच्या नावाने बगदादेत जाहीरनामा निघाला की इंग्रज जेते म्हणून आलेले नाहीत, मुक्तिदाते म्हणून आले आहेत. १९२० साली सॅन रेमो येथे इराकचा ताबा ब्रिटनकडे सोपविण्यात आला, इराकी जनता उठली, आणि तो उठाव मोडण्यासाठी पुन्हा हिंदुस्थानातूनच पलटणी आल्या. गुलाम देशाचा शिपाई दुसऱ्याला गुलाम करण्यासाठी वापरला गेला, हे या मोहिमेचे सर्वांत कडू फळ. सगळ्यांनीच ते निमूट पचविले असे मात्र नाही. १९१६ च्या फेब्रुवारीत बसऱ्यात पंधराव्या लान्सर्स रिसाल्यातल्या मुसलमान स्वारांनी आपल्या धर्मबांधवांवर चालून जाण्यास नकार दिला होता आणि त्याबद्दल शिक्षा भोगल्या होत्या.

२००३ साली मुक्तिदात्यांचीच भाषा बोलत अमेरिका व ब्रिटन यांच्या फौजा त्याच फाओ-बसऱ्याच्या वाटेने इराकात शिरल्या. त्या वर्षी अमेरिकेने भारताकडे फौज मागितली. लोकसभेने ८ एप्रिलला या आक्रमणाची निंदा करणारा ठराव केला होता आणि १४ जुलैला वाजपेयी सरकारने फौज पाठविण्यास नकार दिला. सरकारच्या मनात काय होते, अमेरिकेशी सलगीचा मोह किती होता, यावर वाद घालता येईल. परंतु १९१४ आणि २००३ यांमधला फरक त्या ठरावात आहे. संसदेला आणि संसदेबाहेरच्या लोकमताला ओलांडून एक ब्रिगेड मुंबईहून गुपचूप बहरीनला पाठविणे शक्य राहिले नव्हते.

म्हणूनच महायुद्धाच्या शताब्दीत सत्तेकडून जे स्मरण झाले ते अपुरे वाटते. २०१८ साली दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला इस्रायलच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत हैफाचे नाव जोडले गेले. हैफाची दौड शौर्याची होती, विजयाची होती. कूतचे नाव कोणत्या चौकाला द्यायचे? पराभवाचे, स्कर्व्हीचे, सामानाच्या गाडीत मेलेल्या माणसाचे स्मरण सत्तेला नको असते, कारण त्यातून लगेच प्रश्न निघतो की गाडी कोणी पाठविली होती.

बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश शिपायांची नावे कोरलेली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली संख्येने मोजले गेले. १९९७ साली सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेले गेले. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाची कबुली दिली आणि क्षमा मागितली: आशिया-आफ्रिकेतल्या निदान १ लाख १६ हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांची, नावानिशी नोंद झालीच नाही किंवा मुळीच स्मरण झाले नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले आणि त्यांचे स्मारक गावात आहे.

हिशेबाचे काम येथूनच पुढे न्यायचे आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांवरून पंजाबच्या तीन लाखांवर शिपायांची नावे, गाववार, २०२१ साली लोकांसमोर आली. त्याच धर्तीवर रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांची गाववार यादी तयार करता येण्यासारखी आहे. पलटणींची दप्तरे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, जिल्हा कचेऱ्यांतले जुने बस्ते आणि घराघरांतली पदके ही तिची साधने. ती यादी करताना शिपायांबरोबर भिस्ती, डोलीवाले आणि तुरुंगातून नेलेले बिगारी यांचीही नावे घ्यावीत. कारण त्यांची नोंद बसऱ्याच्या दगडावरही नीट नाही आणि गावच्या दगडावरही नाही. शाळांतले इतिहासाचे शिक्षक, ग्रामपंचायती आणि गावोगावचे कार्यकर्ते यांनी मनावर घेतले तर एका तालुक्याची यादी करायला एक उन्हाळी सुटी पुरेल.